डॉक्टरांचे छापे

मेहकरच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. माझ्या विषयाचे तास बाकीच्यांना हवे असतात. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर वर्गाच्या दारात येऊन उभे राहतात आणि मी खडू खाली ठेवतो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मोकळा झालेला वेळ मी लिनोलियमवर घालवतो. जाड तुकडा घ्यायचा, त्यावर उलटं चित्र काढायचं, जिथं काळं नको तिथलं कोरणीनं काढून टाकायचं, शाईचा रोलर फिरवायचा, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, की छापा उमटतो. कॉलेजात शिकलेल्या गोष्टींपैकी ही एवढीच माझ्याजवळ टिकली.

डॉक्टरांचे छापे मी ताईमुळे करायला लागलो.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. जानेफळला असते. भाऊजींची थोडी शेती आहे आणि ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. आमची आई लवकर गेली, त्यामुळे मला जेवू घालणं, रागावणं आणि वही-पेन्सिल आणून देणं हे सगळं तिनंच केलं. काही वर्षांपूर्वी तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. नंतर मनगटं सुजली, मग गुडघे. खिचडीच्या पातेल्यात पळा फिरवताना ती दोन्ही हातांनी धरायची आणि तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ओठ दाबून धरायची. काम सुटेल याची तिला सगळ्यात जास्त भीती होती. तिच्या मागे दुसरी बाई तयारच होती.

मी तिला डॉक्टरांकडे नेऊ लागलो. पहिले होते ते येणाऱ्या प्रत्येकाला सलाईन लावायचे. ताप असो, कंबर धरलेली असो, कुणाचं मन उदास असो, एकच बाटली. त्यांच्याकडे खाटा संपल्या की माणसं पडवीत निजायची आणि बाटल्या खिडकीच्या गजाला टांगायचे. तिथं बसून बसून मी वहीवर रेघोट्या ओढल्या आणि घरी येऊन पहिला छापा कोरला. एका मोठ्या झाडाला आंब्यांसारख्या सलाईनच्या बाटल्या लगडल्या आहेत, गावातली सगळी माणसं त्या सावलीत पडली आहेत आणि डॉक्टर हातात बांबू घेऊन पिकलेली बाटली हेरतो आहे.

दुसरे डॉक्टर मोठ्या शहरातले, सांध्यांचे खास. त्यांच्याकडे आम्ही एसटीनं गेलो, सकाळपासून बसलो आणि दुपार कलल्यावर आत गेलो. त्यांनी रक्ताचे कागद पाहिले, आजाराचं नाव सांगितलं, औषध लिहिलं. म्हणाले, गुण यायला दोन-तीन महिने लागतील, दर महिन्याला रक्त तपासावं लागेल, औषध बहुधा कायमचं. हे सगळं त्यांनी कागदाकडे पाहत सांगितलं. ताईनं आपले हात टेबलावर ठेवले होते, त्यांना दाखवायला म्हणून. त्यांनी ते पाहिले नाहीत. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "माह्ये हात त त्यानं पाह्यलेच नाहीत." त्यावरून दुसरा छापा झाला. डॉक्टरचं डोकं फाईलमध्ये पूर्ण बुडालेलं, बाहेर फक्त स्टेथोस्कोपच्या दोन नळ्या लोंबताहेत, आणि समोरच्या खुर्चीत वाट पाहून पाहून पेशंटचा सांगाडा झाला आहे. सांगाड्यानं मात्र हात टेबलावर नीट ठेवलेले आहेत.

तो छापा ताईला इतका आवडला की तिनं तो घरात आरशाशेजारी चिकटवला. आल्या-गेल्याला सांगायची, हा सांगाडा म्हणजे मी. गोळ्या तिनं काही आठवडे घेतल्या. मळमळायचं आणि गुण दिसत नव्हता. मग त्या बंद झाल्या. मी विचारलं की म्हणायची, घेतो ना रे.

तिसरा छापा बीबी गावाच्या बाजूला एका वस्तीवर बसणाऱ्या वैद्याचा. लोक त्याला महाराज म्हणत, तो स्वतःला वैद्य म्हणवायचा आणि तो कुठं काय शिकला हे कुणालाच माहीत नव्हतं. सांधेदुखीवर तो करड्या रंगाच्या पुडीतलं चूर्ण द्यायचा. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांची आई तिथून पुड्या आणायची. आठ दिवसांत ती म्हातारी काठी टाकून चालायला लागली आणि थोड्या महिन्यांत तिचं तोंड चंद्रासारखं गोल झालं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता मेहकरला डॉक्टर आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, सर, त्या चूर्णात स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. दुखणं लगेच पळतं, भूक लागते, तोंड सुजतं आणि लोकांना वाटतं तब्येत सुधारली. आतून हाडं आणि साखर दोन्ही बिघडत जातात.

मी कोरलं ते असं : फेटा बांधलेला वैद्य सायकलचा पंप घेऊन बसला आहे. तो एकेका रोग्यात हवा भरतो आहे. रोगी फुग्यासारखे गोल होऊन वर तरंगताहेत, सगळ्यांच्या तोंडावर हसू आहे आणि सगळ्यांच्या दोऱ्या वैद्याच्या मुठीत आहेत. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं, असं मला तेव्हा वाटलं.

मेहकरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी या छाप्यांचं लहानसं प्रदर्शन भरवलं. दोरी बांधून, कपड्याच्या चिमट्यांनी छापे लावले. लोक आले, हसले, मोबाइलवर फोटो काढले. संध्याकाळपर्यंत फुग्यांचा छापा निम्म्या तालुक्याच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्या छाप्यासमोर माणसं जरा जास्तच वेळ थांबत होती. मी जवळ जाऊन ऐकलं. हा कोण, असं एकानं विचारलं होतं आणि दुसरा त्याला सांगत होता, हा तो बीबीकडचा, माझी सासू याच्याच पुडीनं उठून बसली. तिसऱ्यानं विचारलं, कोणत्या वारी बसतो. त्या घोळक्यात ताई उभी होती. भाऊजी तिला प्रदर्शन दाखवायला घेऊन आले होते. ती चित्र पाहून पोट धरून हसली होती, डोळे पुसत होती, आणि कान देऊन ऐकत होती.

महिनाभरानं मी जानेफळला गेलो तर ती शाळेच्या ओट्यावर एका हातानं पातेलं ढवळत होती. दुसऱ्या हातानं एका पोरीच्या पाठीत धपाटा घालत होती. मला पाहून तिनं पळा खाली ठेवला आणि मूठ मिटून दाखवली. पूर्ण मिटली होती. बऱ्याच दिवसांत मी तिची अशी मूठ पाहिली नव्हती.

मला आनंद झाला आणि लगेच त्या शिक्षकांची आई आठवली.

"बीबीले गेली व्हतीस," मी म्हणालो.

"हाव."

मी तिला सगळं सांगितलं. माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलेलं शब्दान् शब्द सांगितलं. चूर्णात काय असतं, तोंड का सुजतं, हाडांचं काय होतं. तिनं ऐकून घेतलं. मधे एकदा चुलीतलं लाकूड मागं ओढलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "तू म्हनतं ते खरं असन. पन त्या मोठ्या डॉक्टरनं माह्ये हात पाह्यले नाहीत. ह्यानं पाह्यले. एक एक बोट धरून इचारलं, कुठं दुखते. तूच त काढलं व्हतं ना त्या डॉक्टरचं चित्र?"

मी म्हणालो, ते चित्र त्याच्या वागण्याचं होतं, त्याच्या औषधाचं नव्हतं. ती म्हणाली, चित्रात त काई तसं लिहेल नाही.

पोरं ताटं घेऊन रांगेत बसली होती आणि ती वाढायला उठली, हात न टेकता.

मी मेहकरला माझ्या विद्यार्थिनीकडे गेलो. तिला म्हटलं, पुडी बंदच करायला लावतो, शपथ घालतो. तिनं मला तिथंच थांबवलं. म्हणाली, सर, असं एकदम बंद नाही करता येत. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. अचानक तोडलं तर त्या कोसळतील. त्यांना माझ्याकडे आणा, हळूहळू कमी करू. म्हणजे घे असंही मला म्हणता येत नव्हतं आणि सोड असंही नाही. एवढंच म्हणता येत होतं की डॉक्टरकडे चल, आणि तेवढंच ताईला ऐकायचं नव्हतं. तिचं दुखत नव्हतं. न दुखणाऱ्या माणसानं डॉक्टरकडे कशाला जायचं, असं ती विचारायची, आणि भाऊजी मान डोलवायचे. भाऊजींचा मला राग यायचा. पण तिच्या आजारपणात सकाळी तिची वेणी तेच घालून द्यायचे, आणि आता ती स्वतः घालत होती, हेही मी पाहत होतो.

पावसाळा संपता संपता तिचा चेहरा भरायला लागला. गाल वर आले, डोळे बारीक झाले, मानेच्या मागं मांस चढलं. गावातल्या बाया म्हणायच्या, ताई आता कशी दिसते, नाहीतर सुकून काडी झाली होती. कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी दिवाळीचा फोटो टाकला. त्यात ती मधोमध बसली होती, गोल, हसरी. मी तो मोठा करून पाहिला आणि फोन उपडा ठेवला. मी कोरलेल्या फुग्यांपैकी एक चेहरा तिथं बसला होता. तो मी तिला समोर ठेवून कोरला नव्हता, पण आता कुणालाही तसंच वाटलं असतं.

मग मी एक दिवस रजा टाकून बीबीला गेलो.

वस्तीवर लिंबाखाली गाड्या लागल्या होत्या. आत पत्र्याची लांब खोली, बाजूनं बाकडी, त्यावर माणसं. समोरच्या भिंतीवर माझा छापा होता. काच लावून, सोनेरी फ्रेममध्ये, वर प्लास्टिकचा हार. फ्रेम केलेलं माझं एकमेव चित्र. मला कळेना की हा त्याला मिळाला कुठून. नंतर आठवलं, प्रदर्शनात एका गृहस्थानं अगदी अदबीनं एक प्रत मागून नेली होती.

माझ्या शेजारी एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. ती सुनेला ते चित्र समजावून सांगत होती. "पाह्य, याह्यचे पाय दुखत व्हते. चालता येत नव्हतं. आता पाह्य, जमिनीले टेकूनच नाही राह्यले." आणि तिनं लांबूनच चित्राला हात जोडले.

माझा नंबर आला तेव्हा वैद्यानं मला ओळखलं. तोच गृहस्थ. उठून उभा राहिला, खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. साधा पांढरा शर्ट, फेटा नाही. फेटा मीच चित्रात घातला होता. मी त्याला सरळ विचारलं, या पुडीत तुम्ही काय घालता. तो म्हणाला, जडीबुटी, बापजाद्यांची. मी माझ्या बहिणीचं सांगितलं, तिच्या तोंडाची सूज सांगितली. त्यानं ते मन लावून ऐकलं, माझ्या डोळ्यांत पाहत. ताईला तो का आवडला असेल ते मला त्या वेळी समजलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "मी कोनाले बलावत नाही. लोक सगळीकून थकून येतेत. तुमी डॉक्टरायचे बी चित्र काढले ना? मंग तुमाले त मालूमच आहे, ते काऊन येतेत."

मी म्हणालो, भिंतीवरचं चित्र काढून टाका. तो हसला नाही. म्हणाला, तुमच्या हातचं आहे, ते कसं काढू, लोक ते पाहून दुखणं विसरतात. बाहेर पडताना मी फ्रेमच्या खिळ्याकडे पाहिलं. बाकड्यांवरची सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मी तसाच बसस्टॉपवर आलो.

मी एक पुडी सोबत घेऊन अशा औषधांची तक्रार घेणाऱ्या सरकारी कार्यालयातही गेलो. तिथले साहेब चांगलं बोलले. म्हणाले, तुमचं खरं आहे, आम्हालाही माहीत आहे, पण ज्यानं औषध घेतलं त्या माणसानं येऊन सांगितलं पाहिजे. मी ताईला विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू तिचे हात परत मागत होतो. शाळेतल्या त्या शिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, सर, आईला चालू द्या ना.

पुढं त्याचं बीबीचं बसणं आपोआपच बंद झालं. दुसऱ्या कुठल्याशा तालुक्यात याच धंद्यातल्या एकाला पकडलं, अशी बातमी आली आणि आमचा वैद्य एका रात्रीत खोली रिकामी करून गेला. लोक आले आणि कुलूप पाहून परत गेले. ताईजवळच्या पुड्या संपल्या. तिनं मला सांगितलं नाही. तिला वाटलं, आता बरी झालीच आहे, नाही घेतली तर काय बिघडतं.

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो. ती शाळेच्या ओट्यावरच कोसळली होती. उलट्या, अंग गार, बोलणं पुसट. मेहकरच्या दवाखान्यात आणली. तिथं माझी विद्यार्थिनी धावत आली, तिनं स्वतः मोठ्या शहरातल्या दवाखान्यात फोन करून काय घडलं असेल ते समजावलं, इंजेक्शन दिलं आणि सलाईन लावलं. मी त्या बाटलीकडे पाहत बसलो होतो. थेंब पडत होते. प्रत्येक थेंबानं ताईचा हात थोडा थोडा ऊन होत होता, आणि मी तो सोडायला तयार नव्हतो.

तिथून तिला मोठ्या शहरात पाठवलं, त्याच सांध्यांच्या डॉक्टरांकडे, कारण दुसरे कुणी नव्हते. त्यांनी मला ओळखलं नाही. या वेळीही ते फाईलमध्येच पाहत होते, पण फाईलमधलं काही त्यांनी सोडलं नाही. रात्रीच्या नर्सला काय पाहायचं ते सांगितलं, साखर ताब्यात आणली, डोस ठरवला. ताई वाचली ती माझ्या विद्यार्थिनीमुळे आणि या डॉक्टरांमुळे, यात मला शंका नाही.

घरी सोडताना त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. खालच्या मेडिकलमधून मी त्या आणल्या आणि नाव वाचलं. तेच स्टेरॉइड. मी परत वर गेलो. डॉक्टर म्हणाले, हो, तेच द्यावं लागेल, शरीर आता त्याच्याशिवाय उभं राहत नाही. अगदी सावकाश कमी करत जाऊ. पूर्ण सुटेल की नाही, आज सांगता येत नाही. सोबत सांध्यांचं खरं औषधही सुरू केलं, पण मधल्या काळात बोटांचं जे व्हायचं ते आतल्या आत होऊन गेलं होतं.

जानेफळला आल्यावर मी ताईला गोळ्या समजावून सांगत होतो. सकाळी किती, जेवून की उपाशी. तिनं विचारलं, ही कशाची. मी लपवलं नाही.

तिनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे तो औषध त खरंच देत व्हता."

"ताई, तसं नाही ते."

"तसं म्हंजे कसं?"

मी सांगायला लागलो. मोजून देणं, कमी करणं, रक्त तपासणं. सांगता सांगता माझं मलाच ते तोकडं वाटायला लागलं. तिला थकवा आला होता. तिनं भिंतीकडे तोंड करून डोळे मिटले.

खिचडीचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं. आता ताईचा चेहरा पुन्हा उतरला आहे आणि बोटं एका बाजूला कललेली राहतात. गोळ्या मीच दर महिन्याला मेहकरहून नेतो. त्या चुकत नाहीत, एवढंच माझ्या हातात आहे. डॉक्टरांवरचा नवा छापा मी कोरलेला नाही. एक-दोनदा लिनोलियम समोर घेऊन बसलो, पण कुणाच्या हातात पंप द्यायचा ते ठरेना.

मागच्या महिन्यात मी गोळ्या द्यायला गेलो होतो, तेव्हा शेजारची बाई ताईजवळ येऊन बसली. तिचे गुडघे गेले आहेत. संडासात बसता येत नाही, हे तिनं माझ्यासमोर संकोचून, पदर तोंडाशी धरून सांगितलं. तिनं ताईला विचारलं की तो बीबीचा महाराज आता कुठं बसतो. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला एका गावाचं नाव सांगितलं. म्हणजे ताईला ते माहीत होतं.

मी त्या बाईला सगळं सांगितलं. ताईचे हात दाखवले. माझ्या विद्यार्थिनीचं नाव सांगितलं, मी स्वतः सोबत येतो म्हटलं. तिनं मान हलवत ऐकलं. म्हणाली, येईन कधी, तुमी म्हनता त येईनच. नंतर मी तिला विचारलं, तू काऊन सांगतलं. ती म्हणाली, "तिनं इचारलं. तिचं दुखनं मले मालूम आहे. मी कसं नाही म्हनू?"

ती बाई उठताना भिंतीला धरून उठली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"गुरुजी," तिनं विचारलं, "त्या गावाले जायले मेहकरहून सकायची गाडी कितीले असते?"

मला माहीत होतं. मी म्हणालो, पाहून सांगतो. ती दारातच थांबून राहिली, माझ्या हातातल्या फोनकडे पाहत.